सोलापूरभोवतीच्या दोन फेऱ्या: आधी ताटाची वेळ, मग किलोमीटर

सोलापूरला बाहेरगावचे लोक बहुतेक देवदर्शनाला येतात. सकाळी अक्कलकोट, दुपारी तुळजापूर, दुसऱ्या दिवशी पंढरपूर, आणि मधली जेवणं हायवेवर दिसेल त्या ढाब्यावर, पनीर आणि तंदुरी रोटीची. ज्या वाटेवर इतकी सुंदर ज्वारी पिकते, जिथे शेंगदाण्याची चटणी अजून उखळात कुटली जाते, तिथून पाहुणे पंजाबी ग्रेव्ही खाऊन परत जातात याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा आढावा खाणं मध्ये ठेवून लिहिला आहे. देव, किल्ले आणि नद्या वाटेवर आहेतच.

मुक्काम सोलापुरातच ठेवायचा आणि दोन दिवसांत दोन फेऱ्या करायच्या. पहिली पूर्वेकडची: सोलापूर, अक्कलकोट, नळदुर्ग, तुळजापूर आणि परत, साधारण १६० किलोमीटर. दुसरी दक्षिण-पश्चिमेची: हत्तरसंग कुडल, माचणूर, मंगळवेढा, पंढरपूर, मोहोळ आणि परत, सव्वादोनशेच्या आसपास. गाडी चालवायला दोन्ही सोप्या. तुळजापूरजवळचा छोटा घाट सोडला तर चढ नाही, वळणं कमी, दोन्हीकडे काळी जमीन. फसतात त्या खाण्याच्या बाबतीत, कारण इथलं चांगलं अन्न दिवसभर मिळत नाही. भाकरीचा जीव तव्यावरून उतरल्यावर दहा मिनिटांचा. मटण दुपारी एकला जे असतं ते चारला नसतं. हुरडा सकाळी तोडलेला असला तरच हुरडा. त्यामुळे प्रवासाचं वेळापत्रक स्वयंपाकघराकडे बघून लावावं लागतं.

कधी यायचं

डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची सुरुवात. रब्बीची ज्वारी कणसावर आलेली असते, तिच्या कडेने पेरलेली करडई पिवळी फुललेली असते आणि दुपारचं ऊन सोसवतं. नळदुर्गचा धबधबा मात्र या दिवसांत नसतो. तो बघायचा तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, तेही बोरी नदीवरचं धरण भरून वाहत असेल तर. दोन्ही एका सफरीत जमत नाही. आमचं मत हुरड्याच्या बाजूने आहे. एप्रिल-मे पूर्ण टाळा. पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि मुक्कामाच्या ठिकाणी पाण्याची विचारपूस आधी करावी लागते.

तीन वेळा कॅलेंडर बघूनच निघा. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी शहरातले रस्ते बंद होतात आणि खोल्या मिळत नाहीत. यात्राच बघायची असेल तर जरूर या, पण त्या दिवसांत फेऱ्यांचा बेत करू नका. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी अख्खा रस्ता भरलेला असतो, वाहनं दुसरीकडून वळवतात. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर वारकऱ्यांचं, तिथे त्या आठवड्यात गाडी घालू नये.

मुक्काम

राजवाड्यात किंवा गढीत राहायची हौस असेल तर ती पुण्याच्या वाटेवर भागवून घ्यावी. सासवडजवळचा जाधवगड, पिलाजी जाधवरावांनी १७१० मध्ये बांधलेली गढी, आज हॉटेल म्हणून चालते. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांनी पहिली रात्र तिथे काढून दुसऱ्या दिवशी यवतजवळचं भुलेश्वर बघून सोलापूर रस्त्याला लागावं, वाट सरळ पडते. दुपारचं जेवण मग भिगवणला, उजनीच्या माशांचं. चिलापी तळलेली चांगली लागते. लहान मुलं बरोबर असतील तर मरळ सांगा, तिला काटे कमी. रोहू-कटल्यात बारीक काटे फार. मासा शिजवण्याआधी दाखवायला सांगायचं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

सोलापुरात राहण्याचे तीन प्रकार आहेत. स्टेशनच्या परिसरातल्या जुन्या लॉजमध्ये खोल्यांची छतं उंच, भिंती जाड, भाडं कमी. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली आणि स्टेशनाभोवतीची वस्ती तिच्याच जोरावर वाढली, त्यामुळे या भागाला एक जुनेपण आहे. पण रस्त्याकडची खोली घेतलीत तर रात्रभर रिक्षा आणि भोंगे ऐकावे लागतात. आतल्या चौकाकडची मागा, नळाला पाणी सोडून बघा आणि गाडी कुठे लागणार ते आधी ठरवा. दुसरा प्रकार सात रस्त्यावरचं शासकीय विश्रामगृह. शांत आणि मोक्याचं, पण सरकारी पाहुण्यांना आधी मान, त्यामुळे त्यावर भरवसा ठेवून येऊ नये. तिसरा प्रकार होटगी रोड आणि हायवेलगतची नवी हॉटेलं. गाड्या लावायला जागा, लिफ्ट, गरम पाणी, सगळं ठीक. त्यांच्या भाड्यात नाश्ता धरलेला असला तरी तो तिथे करू नका.

अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर इथली भक्तनिवासं स्वच्छ आणि स्वस्त असतात. पण रात्री दरवाजे वेळेवर बंद होतात आणि सामिष काही आत नेता येत नाही. मटणाचा बेत असेल तर मुक्काम शहरातच बरा.

निघण्याआधीची खरेदी: कडक भाकरी आणि शेंगा चटणी

ही खरेदी लोक परतताना करतात. ती आदल्या संध्याकाळी करा, कारण पहिल्या दिवसाचं दुपारचं जेवण तीच आहे.

कडक भाकरी म्हणजे वाळवलेली शिळी भाकरी असा गैरसमज आहे. ती मुळातच वेगळी थापतात. पीठ गरम पाण्यात मळून, नेहमीच्या भाकरीच्या निम्म्याहून पातळ थापायची, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायची आणि मग मंद आचेशी उभी करून आतलं सगळं पाणी जाईपर्यंत ठेवायची. चांगली भाकरी मोडताना पापडासारखा आवाज करते आणि तुकडे स्वच्छ पडतात. मधोमध वाकली, तर ओल राहिली आहे, दोन दिवसांत वातड होईल. ज्वारीची पांढरट आणि चवीला सौम्य, बाजरीची काळसर, वर तीळ लावलेली. दोन्ही घ्या. हवाबंद ठेवली तर महिनाभर सहज टिकते. गाडीत मात्र आडवीच ठेवायची, पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा पसरट डब्यात. पिशवीत उभी ठेवली की घरी चुरा पोचतो. माणशी दोन भाकऱ्या दुपारच्या जेवणाला पुरतात.

चटणीची पारख जास्त महत्त्वाची. नवी पेठ, टिळक चौक, मधला मारुती या बाजाराच्या भागात ती वजनावर मिळते. दोन जाती लगेच ओळखू येतात. मिक्सरमध्ये फिरवलेली कोरडी, भुरभुरीत आणि फिकट. कुटलेली गडद तांबडी, ओलसर, चिमटीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाला तेल लागतं. वरून तेल घातलेलं नसतं. दाणे मंद आचेवर नीट भाजून, सालं पाखडून, लसूण, तिखट, जिरं आणि मीठ घालून इतका वेळ कुटायचं की दाण्याचं स्वतःचं तेल सुटतं आणि लसूण त्यात मुरतो. घरी करायची तर एक किलो दाण्यांना सव्वाशे ग्रॅमपर्यंत सोललेला लसूण, सत्तर-ऐंशी ग्रॅम तिखट, दोन चमचे जिरं आणि चवीप्रमाणे मीठ. तिखट रंगाचं आणि चवीचं असं अर्धं अर्धं घ्यावं. मिक्सरच वापरायचा तर थांबून थांबून, एका वेळी दोन सेकंद. सलग फिरवला तर पातं तापतं, लसूण कडवट होतो आणि चटणीचा लगदा बनतो.

घेताना वास घ्या. खवट वास म्हणजे दाणा जुना. भाजताना जळलेला दाणा असेल तर कडवटपणा जिभेच्या मागच्या भागाला कळतो, म्हणून चिमूटभर खाऊनच घ्यावं. दुकानदार आपणहून हातावर ठेवतात. ओलसर चटणी बाहेर तीन-चार आठवडे टिकते, चमचा कोरडा हवा एवढीच अट. ती बिघडते गाडीत. मागच्या काचेखाली उन्हात चार तास राहिली की तेल खवट व्हायला लागतं. सीटखाली, सावलीत ठेवा.

त्याच बाजारात सोलापुरी चादर घ्यायचा मोह होतो, आणि घ्यावीच. फक्त उलटून बघा. जेकार्ड मागावर विणलेल्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना असते, रंग उलटसुलट झालेले. एकाच बाजूला चित्र असेल तर ते छापलेलं आहे.

पहिली फेरी

सकाळी सातला नाश्ता. हातगाडीवर किंवा छोट्या हॉटेलात सुशीला मागा. चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरची-दाण्याच्या फोडणीत परततात, वर कोथिंबीर आणि लिंबू. तिचं सगळं यश भिजवण्यात आहे. पाण्यातून अर्ध्या मिनिटात काढली तर दाणा मोकळा राहतो, जरा रेंगाळली तर लगदा होतो. म्हणून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेली घेऊ नये, समोर परतत असतील तिथे थांबावं. शहराच्या पूर्व भागात, कन्ना चौक, अशोक चौकाकडे तेलुगू विणकरांची वस्ती आहे. तिकडच्या गाड्यांवर इडली, वडा आणि चटणी सकाळी लवकर आणि चांगली मिळते.

अक्कलकोट चाळीस किलोमीटर. गुरुवार असेल तर फेऱ्यांची अदलाबदल करा, रांग लांब असते. वटवृक्ष मंदिर आणि समाधी मठ झाल्यावर बहुतेक लोक गाडीत बसतात. त्याआधी नव्या राजवाड्यातलं भोसले संस्थानिकांचं शस्त्रागार उघडं आहे का ते विचारा. एवढ्या लहान गावात इतकी हत्यारं एका ठिकाणी बघायला मिळतील असं वाटत नाही. अन्नछत्राचा महाप्रसाद साधा आणि निर्मळ असतो. तो घेतलात तर डब्यातली भाकरी संध्याकाळच्या चहाला ठेवा. नाहीतर इथे पाव किलो दही विकत घेऊन पुढे निघा.

नळदुर्ग चाळीसेक किलोमीटर. मुख्य गोष्ट पाणीमहाल. बोरी नदीवर दगडी बंधारा घालून, त्याच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात हा महाल बांधला. बंधाऱ्यावरून नर आणि मादी अशा दोन धारा कोसळतात, आणि महालाच्या खिडकीत उभं राहिलं की पाणी डोळ्यांसमोरून पडतं, आतली जमीन कोरडी. हिवाळ्यात धारा नसल्या तरी खाली उतरून बांधकाम बघावं. पायऱ्या अरुंद आणि गुळगुळीत आहेत, पावसाळ्यात चपला घसरतात, पट्ट्याचे बूट घाला. उपळी बुरुजावर चढलात तर किल्ल्याचा सगळा पसारा, नदीचं वळण आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला एका नजरेत येतो. दोन तास धरा. सावली कमी आहे, माणशी दीड लिटर पाणी हवं.

जेवण डब्यातलं, किल्ल्याबाहेर झाडाखाली. भाकरी हाताने चुरायची, त्यावर दही, चटणी, बुक्कीने फोडलेला कांदा आणि मीठ. पाच मिनिटं थांबायचं, म्हणजे चुरा दही पितो पण पूर्ण मऊ होत नाही. लगेच खाल्लं तर टोचतं, पंधरा मिनिटं ठेवलं तर पेज होते. या पट्ट्यातल्या हायवेवरच्या जेवणापेक्षा हे कितीतरी पटींनी सरस आहे.

तुळजापूर इथून तेहतीस-चौतीस किलोमीटर. मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमेला दर्शनाला किती वेळ लागेल सांगता येत नाही. बाकीच्या दिवशी चारला पोचलात तर सहापर्यंत मोकळे होता. घाटशीळ रस्त्यावरच्या गाड्यांपेक्षा गावातल्या घरगुती खानावळीत धपाटे विचारा: ज्वारी, बेसन, थोडी कणीक, लसूण-मिरची, वर लोण्याचा गोळा. एक पुरे, रात्री मटण आहे. परतीच्या ४५ किलोमीटरांत सोलापूरच्या अलीकडे हिप्परग्याचा तलाव लागतो, इंग्रजांच्या काळातला. हिवाळ्यात पक्षी असतात, गाडी रस्त्यापासून नीट आत घेऊन थांबा.

रात्रीचं ताट

सोलापुरी मटणाची खानावळ निवडताना पाटीपेक्षा दिवस बघा. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी खाणारे कमी, त्यामुळे माल कमी आणि कधी आदल्या दिवशीचा. बुधवार, शुक्रवार, रविवार उत्तम. शुक्रवारी आणि रविवारी तुळजापूरला गर्दी, म्हणून पहिली फेरी बुधवारी करावी. श्रावणात हा बेतच करू नये. रात्रीचं मटण साडेसातला तयार होतं आणि साडेनऊनंतर तळाशी जातं. आठला बसा.

इथल्या रश्श्याचा रंग सुक्या खोबऱ्याचा आणि कांद्याचा आहे. दोन्ही काळपट होईपर्यंत भाजतात, मग धणे, तीळ, दगडफूल, लवंग, मिरी. खोबरं एक पाऊल पुढे गेलं की रस्सा कडू होतो, आणि तो कडूपणा झाकायला काही जण तिखट वाढवतात. पहिल्या घोटाला जीभ भाजली पण मागून मटणाची चव आलीच नाही, तर हेच झालेलं असतं. चांगल्या रश्श्यात तिखट उशिरा लागतं. तरीचा थर वर दिसला पाहिजे, पण ढवळल्यावर रस्सा दाट आणि एकजीव हवा. काही घरांत आणि खानावळींत त्याला येसर लावतात, भाजलेल्या धान्या-डाळींचं मसालेदार पीठ. त्याने रस्सा भाकरीला धरून राहतो.

दोघांनी एक मटण ताट, एक सुक्कं आणि जास्तीच्या भाकऱ्या सांगाव्यात. दोन पूर्ण ताटं घेतली तर भात वाया जातो. आळणी रस्सा असेल तर आधी तोच, मीठ-हळदीचा, वाटीभर. भाकरी एकेक मागायची, 'गरम तव्यावरची' असं स्पष्ट सांगून. चार एकदम आल्या तर तिसरीपासून चामडं होतं. तिखट सोसत नसेल तर तरी वेगळी वाढायला सांगा.

शाकाहाऱ्यांनी लिंगायत खानावळ गाठावी. शेंगा पोळी, भरलं वांगं, हरभऱ्याच्या डाळीचा झुणका, आणि नशीब असेल तर हुग्गी: गहू सडून, शिजवून, गूळ, दूध आणि खसखस घातलेली खीर, वर तूप. हुग्गी रोज नसते, सकाळी फोन करून विचारलेलं बरं. गिरण्यांच्या काळात, म्हणजे १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाल्यापासून पुढे, या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे कामगार एकत्र आले, आणि खानावळींचा हा सगळा पसारा त्यांच्या पोटासाठी उभा राहिला. विजापूर वेशीत दालचा-भात आणि शीक खाताना त्याच इतिहासाचं दुसरं पान हाती लागतं. रमजानच्या रात्री तिथला मीना बाजार उशिरापर्यंत जागा असतो.

दुसरी फेरी

साडेसहाला निघा. विजयपूर (म्हणजे विजापूर) रस्त्याने मंद्रूप गाठून पुढे आत वळायचं, फाटा गावात विचारून घ्या. भीमा आणि सीना जिथे मिळतात तिथे हत्तरसंग कुडलची मंदिरं आहेत. संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख आहे, तारखेसह मिळालेल्या मराठी लेखांत अगदी जुना. हरिहरेश्वराच्या मंदिरात ३५९ मुखांचं शिवलिंग. सकाळी आठच्या आत पोचलात तर तिरपं ऊन दगडावर पडतं आणि मुखं एकेक सुटी दिसतात, दुपारी ती एकमेकांत मिसळतात. खाण्याचं इथे काही नाही. थर्मासमध्ये चहा आणि उरलेली कडक भाकरी आणावी.

परत मंद्रूपला येऊन कामतीमार्गे मंगळवेढा रस्ता पकडा. माचणूरचं सिद्धेश्वर मंदिर भीमेच्या काठावर, खाली उतरत जाणारे घाट, शेजारी औरंगजेबाच्या छावणीच्या काळातली गढी. बादशहाने सतराव्या शतकाच्या शेवटी इथे ब्रह्मपुरीला तळ ठोकला होता. अर्धा तास पुरे.

मंगळवेढ्याला साडेबारापर्यंत पोचायचंच, कारण या फेरीचा जीव तिथे आहे. दुष्काळात दामाजीपंतांनी बिदरच्या बादशहाची कोठारं लोकांना मोकळी केली ती इथली, आणि कोठार भरायला लागतं ते पीक अजूनही इथेच पिकतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. वाण मालदांडी. त्यातली ३५-१ ही निवड मोहोळच्या संशोधन केंद्रावर झाली आणि गेली कित्येक दशकं टिकून आहे. पावसाळ्यानंतर पेरून, काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर वाढणारं हे पीक, त्यामुळे दाणा सावकाश भरतो.

ताट साधं मागा: भाकरी, पिठलं, मटकीची उसळ, ठेचा, दही. भाकरी समोर थापताना दिसली तर बघत बसा. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ उकळत्या पाण्याने मळलं तरच त्याला विरी येते, म्हणजे थापताना कड तुटत नाही. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि कडेला चिरा पडतात. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवतात, ते पाणी वाळायच्या आत उलटली तर चिकटते, जास्त वाळल्यावर उलटली तर भेगा जातात. नीट जमलेली भाकरी विस्तवावर टम्म फुगते आणि पापुद्रा वेगळा होतो. त्या पापुद्र्यात पिठलं घालून खाणं हे या सफरीतलं सगळ्यात चांगलं खाणं आहे असं आमचं स्पष्ट मत आहे, मटण धरूनसुद्धा.

ज्वारी घरी न्यायची तर पीठ घेऊ नका, दाणा घ्या. टपोरा, पांढरट, किंचित पिवळसर झाक असलेला. काळे ठिपके दिसले तर काढणीला पाऊस लागलेला आहे, भाकरी काळपट होईल. नवा माल मार्च-एप्रिलमध्ये येतो. आठ दिवसांना पुरेल एवढंच दळा.

हुरड्याच्या दिवसांत इथल्या शेतांवर माणशी दर ठरवून हुरडा खाऊ घालतात. एकच प्रश्न विचारा: कणीस आज तोडलं का? कालच्या कणसातली गोडी उतरते, दाणा पिठूळ होतो. गूळभेंडी, कुचकुची, सुरती हे खास हुरड्याचे वाण, त्यांचा दाणा चोळल्यावर सहज सुटतो. आगटीत गोवऱ्यांचा निखारा असावा, जाळ नको. जाळात वरची कुसं जळतात आणि दाणा आत कच्चा राहतो. कणीस फिरवत भाजायचं, हातावर गरम असतानाच चोळायचं, पाखडायचं आणि लगेच खायचं, शेंगा चटणी, गूळ, दही यांच्याबरोबर. वर ताक प्यावं, पाणी कमी. हुरड्याचा बेत असेल तर मंगळवेढ्याचं जेवण सोडा, दोन्ही एका पोटात बसत नाही.

पंढरपूर पंचवीस किलोमीटरांच्या आत. मुखदर्शनाची रांग लवकर सरते. चंद्रभागेच्या वाळवंटावर उतरून होळकर वाडा बाहेरून बघावा. चुरमुरे-बत्तासे प्रसादाचे, बाकी खाण्यासाठी इथे थांबायची गरज नाही.

पाचला निघालंच पाहिजे. ऑक्टोबरअखेरपासून मार्चपर्यंत उसाचा गाळप हंगाम असतो. पंढरपूर ते मोहोळ या अडतीस किलोमीटरांत ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. अंधारात तो अंतरावरून दिसत नाही. उजेड असेपर्यंत मोहोळला लागा, तिथून चौपदरी रस्ता आहे.

पुण्याकडे परतणाऱ्यांनी मोहोळहूनच उजवीकडे सोलापूरला न जाता डावीकडे वळावं, म्हणजे फेरा वाचतो. रस्त्यात टेंभुर्णीच्या पट्ट्यात बाजार आमटी मिळते: तीन-चार डाळी एकत्र, काळा मसाला, पातळ आणि झणझणीत. परातीत भाकरी कुस्करून वर ओततात. ती बाजाराच्या दिवशी मोठ्या पातेल्यात केलेलीच खरी. वाटीभर डाळ फ्राय काळा मसाला टाकून आणतात तिथे उठलेलं बरं.

तिसरा दिवस हाताशी असेल तर विजयपूर. शंभर किलोमीटर, रस्ता उत्तम. १६५६ चा गोल घुमट सकाळी उघडल्या उघडल्या चढा. शाळांच्या सहली आल्या की वरच्या सज्जात कुजबुज ऐकू येण्याऐवजी नुसता कल्लोळ असतो. जेवण जोळद रोट्टी म्हणजे ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे भरलं वांगं, मोडाची उसळ आणि शेंगा होळिगे म्हणजे शेंगा पोळी. सोलापूरच्या ताटाचाच हा सख्खा भाऊ, फक्त रोट्टी जास्त पातळ आणि वांग्यात तीळ-दाण्याचं कूट जास्त. तिथल्या खानावळी दुपारी अडीचनंतर भांडी घासायला घेतात, तेव्हा घुमट आणि इब्राहिम रोजा उरकून साडेबाराला पाटावर बसायचं. बारा कमान आणि मलिक-ए-मैदान तोफ जेवणानंतर.